मिठाचं पाणी

फोन आला तेव्हा त्याच्या हातात एका अनोळखी बाईचा वरचा जबडा होता. म्हणजे प्लास्टरचा साचा, त्यावर गुलाबी मेणाची हिरडी, आणि त्या हिरडीत समोरचे चार दात रोवून झालेले. पाचवा, सुळा, चिमट्यात होता. मेण मऊ आहे तोवर दात बसवावा लागतो. थंडावलं की पुन्हा दिवा पेटवा, सुरी तापवा, आणि एवढं करून दात पहिल्यासारखा सहज बसेल याची खात्री नाही. म्हणून कवळीचं काम हातात असताना तो फोन घेत नसे. पण पडद्यावर हॉस्पिटलचा नंबर होता, आणि त्या नंबराशी गेल्या दोन वर्षांत त्याचं काहीसं माहेरासारखं नातं जुळलं होतं, म्हणून त्याने घेतला. "काका, बोलू का दोन मिनिटं?" नव्या औषधाच्या ट्रायलचं, म्हणजे चाचणीचं, काम बघणारी मुलगी होती. त्याच्या तारखा तीच लावायची, रक्त काढताना गप्पा मारून त्याचं लक्ष दुसरीकडे वेधायची. "अभ्यास संपला काका. गेल्या आठवड्यात पाकिटं उघडली. कुणाला काय दिलं होतं ते आता सांगायची परवानगी आहे. पत्र येईलच, पण म्हटलं तुम्हाला आपणच सांगावं." तिने मध्ये एक श्वास घेतला, आणि त्या श्वासावरूनच त्याला खरं तर कळायला हवं होतं. "तुम्ही दुसऱ्या गटात होतात. तुमच्या सुयांमध्ये औषध नव्हतं." मग काय होतं, असं त्याने विचारलं. "सलाइन," ती म्हणाली. "म्हणजे मिठाचं पाणी."

तो "बरं" म्हणाला. नंतर "थँक यू"ही म्हणाला, आणि तिने आधी फोन केला हे फार चांगलं केलं, असंही म्हणाला. हे सगळं बोलणारा आवाज त्याचाच होता, पण कुणीतरी शेजारच्या खोलीत बोलावं तसा तो त्याला ऐकू येत होता. मग त्याने विचारलं, "आणि आमचे मास्तर?" "त्यांचं मला नाही सांगता येणार काका. त्यांच्या घरी पत्र गेलंय." "आणि एकूण औषधाचं काय निघालं?" "अजून पक्कं नाही. पण सर म्हणत होते, दोन्ही गटांत फारसा फरक दिसत नाही. तुम्ही काळजी करू नका हं, तुमचे रिपोर्ट छानच आहेत." फोन ठेवल्यावर त्याने चिमट्यातला सुळा मेणात खोचला. मेण केव्हाच कडक झालं होतं. सुळा वाकडा बसला, जरा बाहेर आलेला, आणि त्या नसलेल्या बाईच्या तोंडाला एक कुत्सित हसू आलं.

बारा सुया. त्याने मोजल्या होत्या. त्या दिवशी त्याला पूर्ण भूल दिली नव्हती. नुसती जांघ बधिर केली आणि तिथून ती लांब बारीक नळी शिरेवाटे वर वर चढवत हृदयाच्या आत नेली. वेदना नव्हती. आपल्याच घरात कुणीतरी पाय न वाजवता फिरतंय, एवढीच जाणीव. तरुण डॉक्टर पडद्याकडे बघत होता आणि पडद्यावर त्याचं हृदय रंगवलेल्या भोपळ्यासारखं सावकाश फिरत होतं. लाल म्हणजे मेलेला भाग, डॉक्टर सांगत होता, जांभळा म्हणजे धडधाकट, आणि मधला हा हिरवा-पिवळा म्हणजे उपाशी. जिवंत आहे पण रक्त पोचत नाही म्हणून काम सोडून बसलाय. सुया या उपाशी भागात द्यायच्या. औषध म्हणजे एक जनुक होतं. ते स्नायूत गेलं की स्नायूला निरोप मिळणार, इथे नव्या रक्तवाहिन्या उगव. आणि काही आठवड्यांत केसाएवढ्या बारीक वाटा फुटणार, जुन्या तुंबलेल्या वाटांना वळसा घालून. अर्थात औषध असेल तर. पाकिटात चिठ्ठी निघेल तसं, कुणाला औषध, कुणाला नुसतं पाणी, आणि कुणाला काय हे ना पेशंटला ठाऊक ना सुई देणाऱ्या डॉक्टरला. हे सगळं एकोणीस पानांत लिहिलेलं होतं आणि प्रत्येक पानावर त्याने सही केली होती. पण पहिली सुई टोचली तेव्हा त्याचं हृदय छातीत मासळीसारखं उसळलं. मग दुसरी. प्रत्येक सुईला एक उसळी. आणि सहाव्या-सातव्या उसळीला त्याच्या मनाने कौल देऊन टाकला, की हे पाणी नव्हे. पाण्याने असं होत नाही. बाराव्या सुईला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. नर्सने विचारलं, दुखतंय का? तो म्हणाला, नाही, बरं वाटतंय.

ते बरं वाटणं कशातून आलं होतं, ते ज्याने जिने मोजत दिवस काढले त्यालाच कळावं. त्याची कार्यशाळा दुसऱ्या मजल्यावर. अडतीस पायऱ्या. अकरा वर्षांपूर्वी पहिला झटका आला तो तिथेच, मोटरवर एक कवळी घासताना. मग बायपास. मग तीन वर्षांनी एक स्टेंट, मग दुसरा. आणि मग बाविसाव्या पायरीवर ती मूठ. छातीच्या मध्यावर आतून कुणीतरी मूठ आवळायचं आणि तो कठड्याला धरून, खाली कुणी बघत नाहीये ना याची खात्री करत, जिभेखालची गोळी विरघळेपर्यंत उभा राहायचा. शेजारच्या दुकानदारांना वाटायचं, हा जिन्यात उभा राहून फोन करतो. पुढे पुढे ती मूठ सतराव्या पायरीवर आली, मग बाराव्या. बायपास करणाऱ्या सर्जनने फोटो बघून मान हलवली. एखाद्या शिंप्याने कापड पुरत नाही म्हणून सांगावं तसं, कसलाही राग-लोभ न ठेवता तो म्हणाला, "जोडायला आता जागाच उरली नाही." घरी येताना बायको त्याच्या चालीने चालत होती, त्याची पिशवी तिच्या खांद्यावर होती, आणि तो तिच्यावर खेकसला, की एवढं हळू चालायला मी काही मेलेलो नाही.

सुयांनंतर पाचव्या आठवड्यात तो एकदम वर पोचला. म्हणजे कुलूप उघडल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण कुठे थांबलोच नाही. दारात उभा राहून तो मुठीची वाट बघत राहिला. ती आली नाही. तो खाली उतरला, पुन्हा चढला. मग खुर्चीत बसून हसला, आणि हसताना घाबरला. हॉस्पिटलात चालत्या पट्ट्यावर पूर्वी चार मिनिटं दहा सेकंदांत हात वर करणारा तो, आता सात मिनिटं चाळीस सेकंद चालला. ती ट्रायलवाली मुलगी टाळ्या वाजवायचीच बाकी होती. तो सकाळचा फिरायला जाऊ लागला. बायको बरोबर यायची, पण तोवर तिचे गुडघे गेले होते, आणि आता तो पुढे आणि ती मागे. कोपऱ्यावर थांबून तो हाका मारायचा, "अगं चल की, काय लग्नाच्या वरातीत निघालीयेस?" आजूबाजूचे लोक हसले की त्याला बरं वाटे. स्वतःच्या छातीविषयी तो बोलायला लागला. पूर्वी लपवायचा; आता दंतवैद्यांच्या दवाखान्यात दातांचे ठसे आणायला गेला की तिथल्या पेशंटांनाही सांगायचा. छातीवर हात ठेवून म्हणायचा, इथे नवीन फुटल्यात, पालवीसारख्या. त्याला त्या डोळ्यांनी दिसायच्या. आंघोळ करताना, झोपताना, पायरी चढताना दिसायच्या. तांबूस, ओलसर, एकमेकींना शोधत जाणाऱ्या बारीक मुळ्या. दीड वर्ष त्याने त्या रोज पाहिल्या होत्या. आणि त्या मुळात नव्हत्याच, हे आता एका सुळ्याने त्याला वेडावून दाखवलं.

तो घरी गेला. जेवायची वेळ झालीच होती. बायको ताट मांडत होती. त्याने उभ्या उभ्याच सांगितलं, "मिठाचं पाणी होतं." "कशात?" तिने वाटी उचलली, तिला वाटलं तो भाजीबद्दल बोलतोय. मग त्याने सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, खुर्ची ओढली, गुडघ्यावर हात देऊन बसली आणि म्हणाली, "बरं, मग? बरं वाटतंय ना तुम्हाला?" "तुला कळतंय का मी काय सांगतोय?" "कळतंय. पाणी होतं. मग पाणी तर पाणी. पाण्याने गुण आला म्हणायचा." "पाण्याने गुण येत नसतो!" तो ओरडला. "मग इतके दिवस माझ्यापुढे दहा पावलं कोण चालत होतं?" ती शांतपणे म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच त्याला तो जास्त लागला. तो जेवायला बसला. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मास्तरांकडे जाऊन या." "कशाला? मास्तर कुठे आहेत आता?" "वहिनी आहेत ना. पत्र त्यांनाही आलं असेल." त्याच्या ताटात भात वाढत ती म्हणाली, "तुम्ही मास्तरांना काय म्हणाला होतात ते मी ऐकलं होतं. मी तिथे बाकावरच होते."

मास्तर म्हणजे पोहायला शिकवणारे मास्तर. शहरातल्या तलावावर पस्तीस वर्षं काठी हातात धरून, गळ्यात शिट्टी अडकवून त्यांनी हजारो मुलांना पाण्यात ढकललं होतं. दांडगा देह, आणि पाण्यावरून पलीकडच्या काठाला पोचावा असा आवाज. दवाखान्याच्या बोळात तो आवाज मावत नसे. सह्या करायच्या दिवशी दोघांची ओळख झाली. दोघांचंही सगळं करून झालेलं, दोघांनाही जोडायला जागा उरलेली नाही. मास्तरांची खालची कवळी बोलताना टकटक वाजायची. त्याने ती दोन दिवस ऐकली आणि तिसऱ्या दिवशी त्याला राहवलं नाही. त्यांना कार्यशाळेत बोलावून त्याने ठसा घेतला आणि नवीन करून दिली. मास्तर आरशासमोर उभं राहून जबडा इकडून तिकडे हलवून बघत होते. "कवळीवाले," ते म्हणाले, "तुम्ही दात खोटे देता, पण माणूस हसतो खरा." सुयाही दोघांनी एकाच आठवड्यात घेतल्या. मास्तर मंगळवारी, तो गुरुवारी. रोज संध्याकाळी फोन व्हायचा. काय वाटतंय? काही वाटतंय का? मास्तर म्हणायचे, मला तर बुवा भूक जास्त लागते, ते धरायचं का? असे हसायचे दोघं.

मग तो चढू लागला आणि मास्तर चढेनात. तिसऱ्या महिन्यात मास्तरांची दमछाक होती तशीच होती. सहाव्या महिन्याच्या तपासणीला दोघं एकाच सकाळी आले. तो आधी येऊन बसला होता, आजूबाजूच्या पेशंटांना आपला चालता पट्टा सांगत होता. बायको पलीकडच्या बाकावर फाइल घेऊन बसली होती. मास्तर बसथांब्यापासून चालत आले ते भिंतीला धरत. ओठ निळसर. बसल्यावर चार-पाच मिनिटं त्यांना बोलता आलं नाही. आणि त्या चार-पाच मिनिटांत त्याच्या मनात जे आलं ते आता, ताटावर बसल्या बसल्या, त्याला अक्षर न् अक्षर आठवलं. त्याला मास्तरांची दया आली होती, हे खरं. पण त्या दयेखाली काहीतरी गोड होतं. परीक्षेत शेजारी बसलेला मुलगा नापास झाल्यावर पोटात जे हलतं ते. दोघांपैकी एकाला मिळालंय, आणि तो मी आहे. तो मास्तरांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला होता, "मास्तर, मनाला लावून घेऊ नका, पण तुम्हाला पाणी मिळालेलं दिसतंय." मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं. "असं म्हणता?" "अहो, मला पाचव्या आठवड्यातच कळलं. ज्याला औषध मिळालं त्याला आतून समजतं. विचारायला लागत नाही." मास्तर सावरून ताठ बसले. मग ते त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, बोळातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घ्या! जन्म माझा पाण्यात गेला, आता पाणी माझ्यात गेलं!" सगळे हसले. तोही हसला. हसताना मास्तरांची कवळी वाजली नाही. चांगली बसली होती.

त्यानंतर मास्तर तपासणीला आले नाहीत. फोन केला की म्हणायचे, "पाण्याची काय तपासणी करायची?" फिरणं बंद झालं. गोळ्या घेतात की नाही याचीही वहिनींना खात्री नसायची. तोही हळूहळू फोन कमी करू लागला. बऱ्या माणसाला आजारी माणसाशी बोलताना दर वेळी आवाज खाली आणावा लागतो, त्याचा त्याला कंटाळा यायचा. चौदाव्या महिन्यात एका सकाळी मास्तर पायात मोजे घालायला वाकले आणि तसेच राहिले. तो भेटायला गेला होता. पाच मिनिटं बसला, आणि निघताना वहिनींना म्हणाला होता, "नशीब बघा, त्यांना औषध मिळालं असतं तर आज..." वाक्य त्याने पुरं केलं नव्हतं. तेवढी सभ्यता त्याच्यात होती.

दुपारी तो मास्तरांच्या घरी निघाला. ऊन होतं, रस्ता खणून ठेवलेला होता, आणि फळ्यांवरून तोल सांभाळत लोक जात होते. चालता चालता त्याच्या लक्षात आलं, की तो मनात एकच गोष्ट घोकतोय: पाणी असू दे. मास्तरांनाही पाणीच मिळालेलं असू दे. मग तो बरोबर ठरत होता. निदान तेवढ्यापुरता. स्वतःबद्दल चुकला असेल, पण मास्तरांबद्दल नाही. आणि तसं नसलं तरी काय, त्या मुलीने सांगितलंच होतं, दोन्ही गटांत फारसा फरक नाही. म्हणजे औषध हेही शेवटी पाणीच. असं म्हटलं की त्याला दोन पावलं हलकं वाटे आणि तिसऱ्या पावलाला आठवे, की औषधात दम नव्हता तर मग आपण ज्या दमावर चाललो तो कुठला? मेलेल्या मित्रासाठी आपण काय मागतोय, हे त्याला कळत होतं. तरी घोकणं थांबत नव्हतं. मास्तरांचं घर तिसऱ्या मजल्यावर. पहिला मजला गेला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मूठ आवळली. अगदी ओळखीची, तीच, तिथेच, तेवढ्याच जोराने. जणू ती कुठे गेलीच नव्हती, नुसती बाजूला सरकून त्याला वाट देऊन उभी होती. त्याने कठडा धरला. खिसे चाचपले. गोळ्यांची डबी त्याने वर्षभरापूर्वी मोठ्या दिमाखात बायकोला देऊन टाकली होती. तो पायरीवर बसला. एक बाई भाजीची पिशवी घेऊन वर गेली, तिने विचारलं, "बरं वाटत नाही का?" तो म्हणाला, "नाही, फोनची वाट बघतोय." घाम सुकल्यावर तो एकेक पायरी करत वर गेला.

वहिनींनी दार उघडलं. डाव्या डोळ्यावर हिरवट प्लास्टिकची झापड होती. "या भाऊजी. बरं झालं आलात. मोतीबिंदू काढला परवा. दुसऱ्यानेही अजून धूसरच दिसतं." त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. आयुष्यभर लोकांचे आवाज जोडून दिलेले, त्यामुळे माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी त्या कान द्यायच्या. "दम लागलाय तुम्हाला," त्या म्हणाल्या. "जिना," तो म्हणाला. खिडकीपाशी मास्तरांची वेताची खुर्ची होती, तिच्या हातांवर तेलकट काळे डाग. तो तिच्यात बसला नाही. वहिनींनी फ्रिजवरून चाचपत एक पाकीट काढलं. "हॉस्पिटलचं आहे. त्यावरचं चिन्ह तेवढं कळलं मला. लेक रविवारी येणार वाचायला, पण तोवर धीर निघत नाही. वाचा ना."

त्याने पाकीट फोडलं. एकच पान होतं. वर अभ्यासाचं लांबलचक नाव, मग सहभागाबद्दल आभार, मग शोक, आणि मग एक ओळ: आपले दिवंगत पती सक्रिय औषधाच्या गटात होते. त्याने ती ओळ पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा. सक्रिय. म्हणजे मास्तरांच्या त्या दांडग्या छातीत बारा ठिकाणी ते गेलेलं होतं, आणि भिंतीला धरत चालत येतानाही ते तिथेच होतं. "काय लिहिलंय?" वहिनींनी विचारलं. आपण काय बोलणार आहोत हे त्याने ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं. "पाणीच होतं, वहिनी."

वहिनी खुर्चीची पाठ धरून हळूहळू खाली बसल्या, मास्तरांच्याच खुर्चीत. त्याला वाटलं, झालं, संपलं. आता एक चहा, आणि मग जिना. पण वहिनींचा खालचा ओठ हलायला लागला. "म्हणजे पाणीच," त्या म्हणाल्या. "आणि मी त्यांना किती बोलले हो. रोज बोलले. शेवटच्या दिवशी सकाळीसुद्धा. म्हटलं, औषध मिळालंय तुम्हाला, माझं मन सांगतंय, तुम्हीच अंग टाकून बसलात. उठा, चाला, तपासणीला जा. ते म्हणायचे, अगं कवळीवाल्यांनी सांगितलंय, पाणी आहे. मी म्हणायचे, कवळीवाल्यांना काय कळतंय? आळशी म्हटलं मी त्यांना. भित्रा म्हटलं. एवढ्या पोरांना पाण्यात ढकललंत आणि स्वतः काठावर बसलात, असं म्हटलं." उघड्या डोळ्यातून पाणी आलं. झापडीच्या कडेनेही ओघळलं, आणि त्या ते पुसायचं नाही म्हणून हात मांडीवर घट्ट धरून बसल्या. डॉक्टरांनी डोळ्याला हात लावू नका म्हणून बजावलं असणार. "बिचारा माणूस. आत काहीच नव्हतं त्याच्या. काहीच नव्हतं, आणि मी चाल चाल म्हणून मागे लागले."

कागद त्याच्या हातात होता. रविवारी लेक येईल, वाचेल, या भीतीनेच आपण पुढचं बोललो, असं नंतर त्याने स्वतःला अनेकदा सांगून बघितलं. पण त्या वेळी रविवार त्याच्या डोक्यात नव्हता. डोक्यात फक्त ती मांडीवरची म्हातारी बोटं होती, एकमेकांत अडकवलेली, पांढरी पडलेली. त्याने त्यांच्याकडून नवरा नेला होता, की नव्हता, हे देवालाही सांगता येणार नव्हतं. पण आत्ता, या मिनिटाला, तो त्यांच्याकडून आणखी काहीतरी नेत होता, आणि हे मात्र अगदी हातोहात.

"वहिनी," तो म्हणाला. "मी नीट वाचलं नाही." त्यांनी मान वर केली. "म्हणजे?" "नीट वाचलं होतं. सांगितलं खोटं." आणि त्याने ती ओळ वाचून दाखवली. मग पूर्ण पत्र वाचलं, आभार आणि शोकासकट. मग पत्रात नव्हतं तेही सांगितलं. "पाणी मला मिळालं होतं. सकाळी कळलं मला."

वहिनींचा चेहरा त्याच्याकडे वळलेला होता, पण त्या बघत नव्हत्या, ऐकत होत्या. तो काही बोलत नसताना. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे हे चालले असते, तपासणीला गेले असते, तर गुण आला असता?" "कुणालाच माहीत नाही, वहिनी. डॉक्टरांनाही नाही. औषधाचा फारसा उपयोग दिसला नाही म्हणतात." "कुणालाच माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मग तुम्हाला कसं माहीत होतं?"

मला बरं वाटत होतं, हे उत्तर होतं, पण ते या खोलीत उच्चारता येण्यासारखं नव्हतं. त्या म्हणाल्या, "बेचाळीस वर्षांत त्यांनी माझं एक ऐकलं नाही. तुमचं मात्र एका वाक्यात ऐकलं." आवाजात राग नव्हता. ऑपरेटरने नंबर वाचून दाखवावा तसा सपाट, स्पष्ट. मग त्यांनी हात पुढे केला. त्याने पत्र त्या हातात दिलं. त्यांनी ते घडी न करताच छातीशी धरलं. "आता या तुम्ही," त्या म्हणाल्या.

तो बाहेर आला. दार लागलं, आपटलं नाही. मूठ होतीच, उतरतानाही होती. पूर्वी कधी उतरताना आली नव्हती. पहिल्या वळणावर तो कठड्याला टेकला. वरती, बंद दाराआड, फोनची बटणं दाबल्याचे आवाज आले, एकेक, चाचपत. मग वहिनींचा आवाज. जाड दारातूनही लख्ख ऐकू येणारा, सवयीचा, कमावलेला. "अगं, मी बोलतेय. ऐक. पत्र आलं. नाही, रविवारी नको, आत्ताच ऐक. त्यांना औषधच मिळालं होतं. मी म्हणत होते ना? मी बरोबर होते." पलीकडून लेक काहीतरी विचारत असावी. "मी बरोबर होते गं," वहिनी पुन्हा म्हणाल्या, आणि त्या आवाजात इतका आनंद होता, की तो कठड्यावरचा हात काढून दोन्ही कान झाकून घ्यावेत की छाती धरावी, हे न कळून तसाच उभा राहिला. "अगं, मी बरोबर होते." मग तोच आवाज, तसाच आनंदी, मध्येच फुटला, आणि त्यानंतर त्यातले शब्द कळेनासे झाले.